मोहाच्या झाडापासून

कोहमाऱ्याच्या चौकातून देवरीच्या बाजूला चालू लागलं, की जिथे ढाबे संपतात तिथे, पंक्चरवाल्याच्या शेजारी, एक पत्र्याचं दुकान होतं. दुकान झनकलाल तुरकरांचं. चौकात सगळे त्यांना झनकभाऊ म्हणत. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, जे काही चौकात येऊन थांबेल त्याचे दिवे, हॉर्न आणि वायरिंग दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. चाळीसेक वर्षं त्यांनी हे एकच काम केलं, आणि या कामाचा त्यांना कंटाळा आलेला नाही असा एकही दिवस मी पाहिला नाही.

"कसे आहात झनकभाऊ?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "थकलो गुरुजी." सकाळी नऊ वाजता, दुकानाचं शटर अर्धंच वर गेलेलं असताना, तोंडही नीट धुतलेलं नसताना ते थकलेले असत. मी सडक अर्जुनीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. थकव्याची मला चांगली पारख आहे. काहींचा थकवा काम टाळण्यासाठी असतो. झनकभाऊंचा तसा नव्हता. ते थकलो म्हणत आणि गाडीखाली शिरत.

अंगाने काटकुळे, खांदे पुढे आलेले, गळ्यात सुताचा दुपट्टा. वरच्या दातांपैकी पुढच्या एका दाताला बारीक खाच पडली होती. वायरीचं प्लास्टिक सोलायला पक्कड हाताशी असली तरी ते दातच वापरत. वायर दातात धरायची, एक हिसका द्यायचा, आणि प्लास्टिकचा तुकडा बाजूला थुंकायचा. हसले की ती खाच दिसे. ती क्वचितच दिसली.

रायपूरला असलेल्या मुलाने त्यांना एक आकड्यांचा मीटर पाठवला होता. तो खोक्यातच राहिला. त्यांच्याकडे एक जुना बल्ब होता, त्याला दोन वायरी आणि टोकाला दोन चिमटे. करंट कुठे आहे आणि कुठे नाही ते सगळं या बल्बवर चाले. मी एकदा मीटरचं विचारलं तर म्हणाले, "मीटर सांगते करंट हाय. बल्ब सांगते उजेड हाय. लोकायले काय पायजे?"

डॉक्टरांनी साखर बंद केली होती. टपरीवर ते मोठ्याने बिनसाखरेचा चहा सांगत, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग त्यासोबत दोन बालुशाही मागवत. मी टोकलं की म्हणत, "चहात नाई ना टाकली." यावर विज्ञानाच्या मास्तराने काय बोलावं?

झनकभाऊंची खरी ओळख मात्र त्यांच्या दुकानापासून एकशे ऐंशी पावलांवर होती. तिथे सर्व्हिस रोडच्या कडेला मोहाचं एक जुनं झाड उभं आहे. रस्ता चार पदरी झाला तेव्हा आजूबाजूची सगळी झाडं गेली, हे एक कसं कोण जाणे राहिलं. कोणत्याही गाडीचं काम झालं की ते मालकाला स्टेअरिंगवर बसवत, आणि स्वतः चालत त्या झाडापर्यंत जात. गाडीच्या मागच्या बाजूकडे तोंड करून उभे राहत. मालकाने आधी डावा इंडिकेटर द्यायचा, मग उजवा, मग ब्रेक दाबायचा. डावा दिवा दिसला की ते डावा हात वर करत, उजवा दिसला की उजवा, ब्रेकचे दिवे दिसले की दोन्ही. तिन्ही दिसले तरच गाडी जायची. हे सगळं भर दुपारी. कुणी म्हणालं की संध्याकाळी बघू, तर ऐकत नसत. "आंधारात तं काजवाई दिसते. उनात दिसला तो दिवा."

ट्रकवाल्यांना याचा भारी वैताग. एकदा एक ड्रायव्हर, लांबचा, घाईत, ओरडायला लागला, "अरे चाचा, लाइट जल रही है, मैं यहाँ से देख रहा हूँ." झनकभाऊंनी शांतपणे उत्तर दिलं, "तुम तो सामने देखेंगे भाई. पीछे से जो आयेगा उसको दिखना." आणि चालायला लागले, जाताना एकशे ऐंशी आणि येताना एकशे ऐंशी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत बसला.

लग्नाच्या हंगामात पोरं जीपला निळे-हिरवे दिवे बसवायला येत. झनकभाऊ आधी मागे जाऊन पाहत. मागचा दिवा बंद असला की म्हणत, "नवरदेवाले मांगून कोणी ठोकलं तं निळ्या दिव्याचं काय करता?" लग्नाच्या गाडीजवळ उभं राहून असं अभद्र बोलणारा माणूस सगळ्या तालुक्यात हा एकच. पोरं चिडायची, पण मागचा दिवा करून घ्यायची.

या हट्टाचं कारण मला त्यांच्या बायकोकडून कळलं. आम्ही त्यांना गीतावहिनी म्हणतो. झनकभाऊंचा थोरला भाऊ मोतीलाल, त्याच्याच हाताखाली ते वायरिंग शिकले. एका तिन्हीसांजेला देवरीचा बाजार करून तो मोटरसायकलवर परत येत होता. रस्त्यात धानाची पोती भरलेली ट्रॉली चाक निखळून उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. मोहाचं झाड ओलांडलं तिथून ती दिसली असती, तर ब्रेक मारायला पुरेसा रस्ता होता. वहिनींनी एवढंच सांगितलं आणि चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. स्वतः झनकभाऊ यावर कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आता माझ्या गाडीकडे येतो, कारण जे झालं ते तिच्यामुळे.

माझे वडील देवरीला कंपाउंडर होते. एका लाकूड ठेकेदाराकडून त्यांनी एक छोटी काळी मॉरिस घेतली होती, माझ्या जन्माआधीची. वडील गेल्यावर ती कोठ्यात, गुरांच्या शेजारी, कडब्याखाली कितीतरी वर्षं पडून होती. निवृत्त झाल्यावर मला उद्योग हवा होता म्हणून मी ती बाहेर काढली. इंजिन गोंदियाच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चालू करून दिलं. या गाडीला इंडिकेटरचे दिवे नाहीत. दोन्ही दारांच्या मागच्या खांबात वीतभर लांबीचे पिवळे हात बसवले आहेत. बटण फिरवलं की वळायच्या बाजूचा हात खांबातून टप्पकन बाहेर येतो. लहानपणी ते पाहायला गावातली पोरं गाडीमागे धावायची. आता महामार्गावर ते कुणाला कळत नाही. देवरीच्या वळणावर मी उजवा हात काढला तरी मागचा ट्रक उजवीकडूनच घुसला, दाराला निसटता घासला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "बाबा, गाडी के कान क्यों निकाल रहे हो?"

मी तडक झनकभाऊंकडे गेलो आणि म्हणालो, मला मागेपुढे लुकलुकणारे एलईडी दिवे बसवून द्या, लांबून दिसतील असे.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पिवळा हात बोटाने बाहेर काढला, आत सारला. "हे नाई काढायचे," ते म्हणाले. "हे राहू द्या. दिवे अलग लावू." मग बोनेट उघडून बॅटरीपाशी वाकले आणि लगेच म्हणाले, "हिची बॉडी पलस हाय." आजकालच्या गाड्यांत बॅटरीचं मायनस टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असतं. या जुन्या विलायती गाड्यांत उलटं. नव्या पोरांना हे ठाऊक नसतं, ती एलईडी लावतात, दिवा लागत नाही, मग दिव्याला शिव्या देतात. झनकभाऊंना हे मोतीलालने शिकवलं होतं. त्यांनी बॅटरीची टोकं उलट केली, आणि डायनॅमोला बॅटरीची वायर क्षणभर टेकवून एक ठिणगी पाडली. "त्याले आता दुसऱ्या बाजूनं चालाले शिकवा लागते," ते म्हणाले. तो माणूस कामात किती पक्का होता हे सांगायचं म्हणून हे लिहितोय. पुढचं वाचताना कुणी त्यांना अडाणी समजू नये.

पण काम नेहमीपेक्षा रेंगाळलं. मॉरिसच्या वायरी सुती कापडाच्या वेष्टनातल्या, रंग पार उडालेले. झनकभाऊ प्रत्येक वायर डोळ्यांजवळ नेत, मग हातभर लांब धरत, मग मला विचारत, "गुरुजी, हा लाल हाय का कत्था?" लाल की तपकिरी ते मी सांगत असे. एलईडीच्या पुड्या आल्या तेव्हाही तेच. लाल काचेमागे पांढरा एलईडी लावला तर उजेड गुलाबी पडतो, म्हणून लाल काचेमागे लालच लावायचा, हे मला त्यांनीच सांगितलं. आणि मग दोन पुड्या माझ्यापुढे धरून विचारलं, "यातली लाल कोनती?" मी चेष्टा केली, "झनकभाऊ, मोतीबिंदू काढून घ्या आता." ते म्हणाले, "मोतीबिंदू नाई. साखरेनं पडदा खाल्ला म्हंते नागपूरचा डॉक्टर." आणि पुन्हा गाडीखाली शिरले. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. बालुशाहीची मला आठवण झाली, पण त्या वेळी ती विनोदासारखीच झाली.

दिवे बसले, पण लुकलुकेनात, नुसते लागून राहिले. एलईडी करंट फार थोडा खातो, त्यामुळे दिवा लुकलुकवणारा जुन्या पद्धतीचा फ्लॅशर त्याच्यावर चालत नाही. नवा फ्लॅशर गोंदियाहून यायचा होता. आम्ही वाट पाहत टपरीवर बसलो असताना चोरखमाऱ्याकडचा एक शेतकरी, रहांगडाले, ट्रॅक्टर घेऊन तणतणत आला.

"काय करून ठेवलं गा झनकभाऊ? मी डावा देतो, ट्रॉलीचा उजवा लागते."

झनकभाऊ उभे राहिले. "कवापासून?"

"तुवा लावला तवापासून असन. काल बांधीकडं डावीकडं वळलो. मांगचा मोटरसायकलवाला उजवा दिवा पाहून डावीकडून निंगत होता, गेला सिधा चिखलात. धानाचा चिखल होता म्हणून वाचला."

"मंग झाडापासून कसा दिसला होता मले?" झनकभाऊ हे इतक्या हळू म्हणाले की रहांगडालेला ऐकूच गेलं नाही. तो आपला बोलतच होता. झनकभाऊंनी ट्रॉलीच्या वायरी सोडल्या, मला रंग विचारून पुन्हा जोडल्या. मग झाडापाशी गेले. डावा हात वर, उजवा हात वर, दोन्ही हात वर. रहांगडाले समाधानाने गेला. मला तरीही काही उमगलं नाही. मी मास्तर होतो, आणि उत्तर समोर असताना न दिसणाऱ्या मुलांवर मी आयुष्यभर ओरडत आलो.

दोन दिवसांनी फ्लॅशर आला. दिवे लुकलुकू लागले, पिवळे, टोचणारे. दुपारचं ऊन होतं. मी स्टेअरिंगवर बसलो आणि झनकभाऊ पाय ओढत मोहाच्या झाडाकडे गेले. आरशात ते पोचलेले दिसल्यावर मी डावा इंडिकेटर दिला.

त्यांचा उजवा हात वर गेला.

मला वाटलं, थकव्याने चुकले. मी बंद करून पुन्हा डावा दिला. पुन्हा उजवा हात वर. मग तो हात खाली आला आणि ते झाडाच्या बुंध्याला टेकून खाली बसले. मी बटण तसंच ठेवून उतरलो आणि गाडीमागे गेलो. खरोखर उजवा दिवा लुकलुकत होता. वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. ऊन होतं, त्यांना घेरी आली असेल म्हणून मी घाईने झाडापाशी गेलो.

"झनकभाऊ, वायरी बदलल्या आहेत फक्त. दोन मिनिटांचं काम आहे."

"दिसला मले, गुरुजी."

"हो, म्हणून तर चूक सापडली."

"तसं नाई." त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "दोन वर्सं झाले. अथून मले काईच दिसत नोयतं. बल्बचा उजेड कवाच दिसेनासा झाला. आधी डावा, मंग उजवा, मंग ब्रेक, मीच तं सांगतो ना मालकाले. मोजून हात वर करत होतो. आज हा दिवा डोऱ्यात टोचला तवा कळलं, दिसते म्हंजे काय रायते ते."

त्यावर मी जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणालो, "आणि तुम्ही लोकांच्या गाड्या तशाच सोडल्या?"

"सोडल्या," ते म्हणाले. "हात वर नसता केला तं चौक म्हणला असता, झनकचे डोरे गेले. मंग कोन येते दुकानात? आन् मी घरी बसून काय करू?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मोतीभाऊच्या ट्रॉलीवाल्यानंई असंच काई म्हणलं असन ना?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. समोर माझ्या गाडीचा उजवा दिवा डाव्याच्या नावाने लुकलुकत होता.

मॉरिसच्या वायरी त्यांनी त्याच दिवशी बदलल्या. दुसऱ्या दिवशी गेलो तर दुकानाला कुलूप. मला वाटलं, बसले घरी. पण पंक्चरवाल्याने सांगितलं, झनकभाऊ आणि वहिनी चोरखमाऱ्याच्या बाजूला गेले आहेत, ट्रॉल्या शोधायला.

त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नव्हतं, पण दोन वर्षांत हाताखालून गेलेली प्रत्येक ट्रॉली त्यांच्या डोक्यात होती. ट्रक दूर गेले होते, त्यांचा इलाज नव्हता. ट्रॉल्या मात्र इथल्याच. धान कापणीचे दिवस होते, बांधीबांधीतून, म्हणजे धानाच्या खाचराखाचरांतून, त्या सापडत होत्या. ते वायरी पुन्हा तपासत, बल्ब काढून एलईडी लावत. आणि एकशे ऐंशी पावलं आता गीतावहिनी चालत. वहिनी लांब उभ्या राहून पदर सावरत हात वर करत आणि तिथूनच ओरडत, "डावा लागला! आता उजवा!" मी एकदा सोबत गेलो होतो. परत येऊन त्या शेताच्या धुऱ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "डोरे याचे गेले, पाय माहे दुखून राहिले." झनकभाऊ हसले. दाताची खाच दिसली.

लोकांनी त्यांना फार मान दिला असं म्हणता येणार नाही. कुणी हसले. एकाने तोंडावर सुनावलं, "अर्ध्या गावाच्या ट्रॉलीले दिवाच नाई, तू कायले मरून राहिला?" ते खरंच होतं. झनकभाऊंनी वाद घातला नाही. "माह्या हातच्या असन तेवढ्या," म्हणाले आणि दातांनी वायर सोलली.

सगळ्या सापडल्या, एक सोडून. निळी ट्रॉली, मागच्या फळीवर मोराचं चित्र. मालकाने ती विकली होती, छत्तीसगडच्या बाजूला कुणाला तरी. झनकभाऊ चौकात थांबणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत, "नीली ट्रॉली देखी क्या? पीछे मोर है." ड्रायव्हर मान हलवत. काही जण मागाहून आपसात हसत.

दुकान त्यांनी बंद केलं. मुलगा रायपूरला बोलवत होता, गेले नाहीत. सकाळी वहिनी त्यांना मोहाच्या झाडाखालच्या बाकड्यावर आणून बसवत आणि दुपारी परत नेत. मी येता-जाता थांबत असे.

शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. झाडाखाली मोहफुलं पडायला लागली होती. मी मॉरिस घेऊन देवरीला निघालो होतो. त्यांच्याजवळ जाऊन बसलो. इंजिनच्या आवाजावरून त्यांनी गाडी ओळखली होती.

"कसे आहात झनकभाऊ?"

"थकलो गुरुजी. देवरीले चालले?"

"हो."

"निळी ट्रॉली पाहा. मोर हाय मांगं."

"पाहतो," मी म्हणालो. प्रत्येक वेळी म्हणत असे, आणि खरोखर पाहतही असे. मग म्हणालो, "माझे दिवे बघता का? बऱ्याच दिवसांत पाहिले नाहीत."

ते बाकड्यावरून उठले आणि बुंध्याला हात लावून उभे राहिले. मी गाडी पुढे नेली, आमच्या नेहमीच्या अंतरापर्यंत, आणि आरशात पाहत डावा दिला. त्यांचा डावा हात वर गेला. बरं वाटलं. मी डावा बंद केला आणि उजवा द्यायला हात नेला, तेवढ्यात मागून हॉर्न वाजवत एसटी आली. तिला जागा द्यायच्या गडबडीत उजवा द्यायचा राहूनच गेला. एसटी पुढे निघून गेल्यावर मी आरशात पाहिलं.

त्यांचा उजवा हात वर होता.

गाडीचा कुठलाच दिवा लागलेला नव्हता. तो हात सावकाश खाली आला. आता ते ब्रेकची वाट पाहत असणार, मनात मोजत असणार, हे मला कळत होतं. मी पाय दाबून ब्रेक धरला, निदान तेवढं तरी खरं असावं म्हणून. आणि झाडाखाली त्यांचे दोन्ही हात वर गेले.